चार खाती

देवळीच्या बाजारात धान्य आणि कापसाच्या व्यापारात ज्यांची साठ वर्षे गेली, ते ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात दुकानाच्या पायरीवरून घसरले. हाड मोडले नाही. पण त्या दिवसापासून त्यांचे दुकानात जाणे थांबले. मुलाने कर्तव्यात कसूर ठेवली नाही. तळमजल्यावरची हवेशीर खोली, न्हाणीघरात आधाराची दांडी, औषधांसाठी सात कप्प्यांची डबी आणि रक्तदाब व साखर नोंदवण्यासाठी एक स्वतंत्र वही. आल्यागेल्याला तो ती वही दाखवी आणि समाधानाने म्हणे, "बाबांचे सगळे व्यवस्थित आहे." वहीतला एकही आकडा खोटा नव्हता.

दिवाळीच्या सुटीत वैद्यकीय शिक्षण घेणारी नात घरी आली. अभ्यासासाठी तिने जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आणली होती. तिच्यात सव्वीस प्रश्न. मागील दोन आठवडे डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येकाचे उत्तर एक ते पाच या आकड्यांत द्यायचे. जेवणानंतर ती आजोबांजवळ बसली. पहिलाच प्रश्न होता, आपल्या जीवनाची गुणवत्ता आपल्याला कशी वाटते? आजोबा उत्तर देणार तोच मुलगा म्हणाला, "चार लिही. खरे तर पाचच."

"बाबा, हे आजोबांनी सांगायचे आहे," नात म्हणाली.

हा तिचा हट्ट नव्हता. प्रश्नावलीचे मूळ तत्त्वच ते आहे. घरात कोणत्या सोयी आहेत, यावर जीवनाची गुणवत्ता ठरत नाही. ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांत माणूस जगतो, ज्या अपेक्षा मनाशी बाळगतो, त्यांच्या संदर्भात त्याला स्वतःचे आयुष्य कसे वाटते, हे त्यात विचारलेले असते. त्यामुळे दुसऱ्या कोणी, मग तो कितीही जवळचा असो, दिलेले उत्तर हे त्या दुसऱ्याचे मत ठरते.

आजोबांनी पहिल्या प्रश्नाला तीन दिले. आरोग्याबद्दल समाधानी आहात का? "चार." वैद्यकीय सेवा सहज मिळते का? "पाच. त्यात याने काही कमी ठेवले नाही." मुलाच्या चेहऱ्यावर प्रसन्नता आली. हिंडणे-फिरणे कितपत जमते? आजोबा क्षणभर थांबले. "२०२४ साली गावात रेल्वे आली. वर्ध्याहून देवळीवरून गाडी कळंबला जाते म्हणतात. मी अजून पाहिली नाही. दोन लिही."

गरजेपुरते पैसे जवळ असतात का? हा प्रश्न वाचताना नातीलाच संकोच वाटला. घरात कशाची उणीव होती? पण आजोबांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "पैसे घरात आहेत," ते म्हणाले, "माझ्याजवळ नाहीत. दारी कोणी आले, तर आता सूनबाईला हाक मारावी लागते." काम करण्याच्या क्षमतेबद्दल त्यांनी दोन दिले, मित्रांच्या आधाराबद्दलही दोनच. जीवन कितपत अर्थपूर्ण वाटते, या प्रश्नावर मात्र ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे उद्या सांगतो."

रात्री मुलगा अस्वस्थ होता. "मनाला वाटले ते सांगितले, याला मोजमाप कसे म्हणायचे?" त्याने विचारले. नातीने शांतपणे सांगितले की, मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळीस वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यांच्या हाताच्या पकडीची ताकद यंत्रावर मोजली, चालण्याचा वेग मोजला, रक्तदाब घेतला. आणि तरीही, आपल्या आयुष्याबद्दल आपण किती समाधानी आहात, हे त्यांना विचारलेच. कारण ते सांगणारे यंत्र नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती आणि २०५० पर्यंत ती सुमारे बत्तीस कोटी होतील, असा अंदाज आहे. इतकी माणसे किती वर्षे जगतील, एवढेच मोजून भागणार नाही. ती वर्षे कशी जातील, हेही मोजावे लागेल.

मग तिने कागदावर चार रकाने आखले: शरीर, मन, नातीगोती आणि परिसर. पैसा, घर, वाहतूक, वैद्यकीय सेवा हे सारे शेवटच्या रकान्यात येते. प्रत्येक रकान्याचे गुण वेगळे काढायचे आणि वेगळेच ठेवायचे, चारही मिळून एक बेरीज करायची नाही, असा या पद्धतीचा नियम आहे. मुलगा व्यापारी होता. त्याला हे अधिक समजावून सांगावे लागले नाही. एका खात्यातील शिल्लक दाखवून दुसऱ्या खात्यातील तूट झाकायची नसते, हे त्याला वडिलांनीच शिकवले होते. वर्षभर त्याने एकच खाते चोख लिहिले होते. उरलेली तीन उघडलीच नव्हती. वडिलांना रोज विचारलेले प्रश्नही त्याला आठवले: औषध घेतले का? जेवलात का? झोप लागली का? सारे काळजीचे, पण त्यांतल्या एकाही उत्तराने घरातला कोणताही निर्णय बदलणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वडिलांच्या खिशात काही नोटा ठेवल्या आणि हिशेब विचारणार नाही, असे सांगितले. दुकानाच्या पायरीला कठडा बसला. रोज दहा ते बारा आजोबा गादीवर बसू लागले. व्यवहार मुलगाच पाही. पण तुरीचा नमुना तळहातावर घेऊन आजोबा काय म्हणतात, याची तो वाट पाही. जुने मित्र आता एकच उरले होते; तेही काठी टेकत दुकानात येऊ लागले. गुडघे पूर्वीसारखेच दुखत होते. दिवंगत झालेले दोन मित्र परतणार नव्हते. सगळ्याच आकड्यांत सुधारणा होते, असे नाही.

सुटी संपवून नात निघाली, तेव्हा एक रकाना रिकामाच होता. तिला सोडायला आजोबा मुलाच्या आधाराने देवळीच्या स्थानकावर आले. गाडी आली, थांबली, निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते पाहत राहिले. परतताना मुलाने विचारले, "बाबा, तो राहिलेला आकडा तिला काय कळवू?"

"घाई काय आहे?" आजोबा म्हणाले. "आधी सांग, आज तूर काय भावाने घ्यायची?"