चादरीवरचा मोर

सोलापूरच्या नवी पेठेतील एका कापड दुकानात दुपारची गिऱ्हाइकी ओसरली होती. गादीच्या कडेला बसून चौथीतील मुलगी चित्र काढत होती : दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी आणि झोपडी. सोलापूरच्या सपाट माळावर असे डोंगर तिने कधी पाहिले नव्हते. इतरांच्या वह्यांत मात्र पाहिले होते.

"पुढच्या महिन्यापासून चित्रकलेचा वर्ग बंद. त्या वेळात गणिताची शिकवणी," वडील हिशेबातून मान वर न करता म्हणाले.

आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी एक सोलापुरी चादर उलगडून नातीपुढे पसरली. "यातला मोर काढ. मला विचारू नकोस, त्याच्याकडे पाहा."

पहिला मोर डौलदार, गोलाईचा उतरला. आजोबांनी तो खोडला नाही, सुधारूनही दिला नाही. "मान अशीच आहे का?" एवढेच विचारले. मुलगी चादरीवर वाकली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजोबा, ही मान वळलेली नाहीच! पायऱ्यापायऱ्यांनी वर गेली आहे."

तिला दिसले ते खरेच होते. जॅकार्ड मागावरची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर मांडतात. त्या चौकटींप्रमाणे कार्डांना छिद्रे पाडतात आणि कोणता धागा उचलायचा, हे ती छिद्रे ठरवतात. आजोबांनी हे समजावताच तिने दप्तरातून गणिताची चौकटींची वही काढली आणि मोजून मोजून मोर भरू लागली.

लहान मूल बहुधा समोरचे नव्हे, मनात ठरून गेलेले चित्र काढते. चित्रकलेचे शिक्षण त्याला पाहायला शिकवते. राज्याच्या एलिमेंटरी रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि नक्षीकामाबरोबर भूमिती व अक्षरलेखनही असते, ते उगाच नव्हे. घरी पालकांनी एवढेच करावे : मुलापुढे एखादी खरी वस्तू ठेवावी, आपल्या हाताने चित्र पूर्ण करून देऊ नये आणि नुसते 'छान' म्हणण्याऐवजी काय दिसले, ते विचारावे. पोत, छटा आणि वीण ओळखणारी नजर व्यापाऱ्याच्या घरात तर भांडवलच असते.

संध्याकाळी वडिलांनी ती वही हाती घेतली आणि चौकटी मोजू लागले. एका ओळीत एक चौकट जास्त भरली होती. त्यांचे बोट तिथे पोहोचण्याआधीच मुलीने ती चूक दाखवली.

चित्रकलेच्या वर्गाची वेळ तशीच राहिली. शिकवणीची बदलली.