हद्दीवरचा डांब

लाकूड पाण्याने कुजते, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. दोन हजार वर्षे होत आली, त्या जागच्या जागी आहेत; कारण त्यांना पाऊस लागत नाही. उलट मेगॅस्थेनीसने वर्णिलेल्या पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे अवशेष १९२६-२७ साली पाटण्याच्या बुलंदीबागेत निघाले, ते खोल ओल्या मातीत. तिथवर हवा पोचत नव्हती. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल हवी आणि हवाही हवी. म्हणून कुंपणाचा डांब वर कोरडा राहतो, तळाशी बऱ्यापैकी टिकतो आणि जमिनीलगतच्या वीतभर जागेत मरतो.

इतिहासाच्या तासाला ऐकलेल्या या गोष्टींचा अर्थ मला कळला तो आमच्या परसात. रत्नागिरीकडच्या आमच्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा बाबा आणि काका यांच्यामध्ये कुंपण आले. कोपऱ्याचा डांब ऐनाचा. तो कुणी तसूभरही हलवू नये म्हणून बाबांनी त्याच्या बुडाशी पाच घमेली काँक्रीट ओतले. त्या दिवसापासून मोठ्यांचे बोलणे बंद. आजीची औषधेसुद्धा आम्हा मुलांच्या हातून या दारातून त्या दारात जात.

पण लाकूड उन्हाळ्यात आकसते, काँक्रीट तसे आकसत नाही. मध्ये फट पडते. कोकणातला पाऊस त्या फटीत उतरतो आणि बूड बंद असल्यामुळे पेल्यात राहावा तसा राहतो. ज्याने धरून ठेवायचे, त्यानेच कुजवायचे! गेल्या श्रावणात डांब जमिनीलगत मोडला. तारा लोंबल्या, काकांची गाय आमच्या अळवात शिरली आणि दोन्ही घरांत जुने सगळे पुन्हा उकरले गेले.

बाबांची कंबर आता अवजड कामाला साथ देत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पहार मी हातात घेतली. शेजारी नवा खड्डा खणणे सोपे होते. पण मग कोपरा हातभर सरकला असता. कुणाकडे? आमच्या की त्यांच्या? तेव्हा जुना गोळा काढणे भागच होते. सव्वा फूट रुंद, दोन फूट खोल, वजन दीडएक क्विंटल. एका बाजूने उतरता चर खणून दुपारपर्यंत मी तो उघडा पाडला, पण तो काही हलेना.

"एकटीने निघायचा नाही गो तो," कुंपणापलीकडून काका म्हणाले आणि वासा घेऊन स्वतःच आले. त्यांनी वाशाखाली चिरा ठेवून वासा दाबला, मी दोर ओढला. गोळा कलंडत चरातून वर आला. आत लाकडाचा काळा भुगा आणि दिवाळी आली तरी ओंजळभर पाणी.

आता खड्डा एवढा मोठा झाला, की डांबाची नेमकी जागाच उरली नाही. बाबा पडवीतून उठून आले. काही न बोलता त्यांनी एका बाजूच्या डांबाला दोरी बांधली, काकांनी दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही टोके खड्ड्यावर मी धरली.

"ताण आहे का रे?" बाबांनी विचारले.

"आहे. तुझी थोडी वर घे, दादा."

"बस?"

"बस."

एवढेच बोलणे झाले. गळाभेट वगैरे काही झाली नाही. कुंपणही राहिले, आणि ते राहावे असेच मला वाटते. हद्द असण्यात वाईट काही नाही. तिच्या बुडाशी साचलेले निचरून जायला मात्र वाट हवी.

नव्या डांबाच्या बुडाला डांबर फासले, तळाशी खडी घातली, थराथराने मुरूम ठोकला आणि दोन टेकू दिले. काँक्रीट घातले नाही. अशा डांबाची माती दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा ठोकावी लागते, असे काका म्हणाले. बाबांनी मान हलवली. त्या कामाला माणसे दोन लागतात : एकाने डांब ओळंब्यात धरायचा आणि दुसऱ्याने माती ठोकायची.