पाठीवरचं वजन

(तृतीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्या, अशी सूचना फलकावर लागली आणि मैत्रिणींनी विषय पटापट वाटून घेतले. कुणी किल्ल्याची सहल घेतली, कुणी आजीची गोधडी. मी म्हटलं, मी रेसच्या घोड्यांवर लिहिते. क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मराठी साहित्याच्या विद्यार्थिनीचा आणि महालक्ष्मीच्या मैदानाचा संबंध काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता.

संबंध आहे. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त अर्थ कोंबलेला मजकूर कसा वाचायचा हे मी पहिल्यांदा शिकले ते कवितेवरून नव्हे, रेसच्या कार्डावरून. वर्गात सरांनी सूत्र आणि भाष्य यांवर व्याख्यान दिलं तेव्हा मला जुनं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. एका ओळीवर अर्धा अर्धा तास टीका करणारा भाष्यकार आमच्या घरातच, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला असतो. माझे आजोबा.

आमची चाळ पोर्तुगीज चर्चजवळ. आजोबा गिरणीत होते, संपापर्यंत. आमच्या घरात ‘रेस’ हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही असा आजीचा दंडक आहे. म्हणून रेसच्या पुस्तकाला आम्ही नुसतं ‘ते पुस्तक’ म्हणतो. मी दहा वर्षांची असताना मला चष्मा नव्हता आणि आजोबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. त्यामुळे ‘ते पुस्तक’ वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आजी पोळ्या लाटत असायची आणि मी हळू आवाजात वाचायची, जणू काही आम्ही दोघं कटच करतोय!

आता, वाचकहो, तुम्हालाही एक ओळ वाचून दाखवते. घोडा कल्पित आहे, नाव मीच ठेवलंय. समजा कार्डावर असं छापलंय:

४०-२१३ श्रावणसर, कु. घो. ५, ५६.५, (७)

सुरुवातीचे आकडे म्हणजे घोड्याचं प्रगतिपुस्तक. सर्वांत उजवीकडचा आकडा सर्वांत अलीकडच्या धावेचा. म्हणजे श्रावणसर मागच्या खेपेला तिसरा आला, त्याआधी पहिला, त्याआधी दुसरा. मधली आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. गेल्या हंगामात तो एकदा चौथा आला होता. आणि शून्य? शून्य म्हणजे पहिल्या नवांतही नाही. इंग्लंडातल्या कार्डांवर आकड्यांच्या जोडीला अक्षरंही येतात, कारण तिथे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या शर्यतीही असतात: ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे स्वार पडला, ‘पी’ म्हणजे स्वाराने मधेच लगाम खेचून घोडा थांबवला. एका अक्षरात केवढी हकीकत!

पुढे रंग, लिंग आणि वय. ‘कु.’ हे माझं लाडकं भाषांतर. कार्डावर इंग्रजी ‘बे’ असतं, पण आपल्या जुन्या मराठीत त्या काळ्या आयाळीच्या तांबड्या घोड्याला कुमाईत असा देखणा शब्द आहे. अबलख, पंचकल्याणी, कुमाईत! अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्यांच्या भाषेत घोड्यांच्या रंगांना शब्द असायचेच. ते आपण वापरायचं सोडलं, एवढंच. पाच म्हणजे वय. कंसातला सात म्हणजे सुटण्याच्या फाटकातली जागा, आतल्या कठड्यापासून सातवी. वळणावर बाहेरच्या घोड्याला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून हाही आकडा नीट पाहायचा.

मधला साडेछप्पन्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. सगळी गंमत, आणि आमच्या घरापुरतं सगळं दुःखही, त्या आकड्यात आहे.

साडेछप्पन्न किलो म्हणजे घोड्याने पाठीवर वाहायचं वजन, जॉकी आणि खोगीर धरून. जॉकी हलका असेल तर शिशाच्या पट्ट्या घालून भरपाई करतात. रेसआधी काट्यावर चढायचं, रेसनंतर पुन्हा चढायचं. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हँडिकॅपर म्हणतात. प्रत्येक घोड्याला तो गुण देतो. तिसऱ्या वर्गाची रेस चाळीस ते सहासष्ट गुणांच्या घोड्यांसाठी असली, तर सहासष्टवाल्याच्या पाठीवर बासष्ट किलो, आणि तिथून खाली एका गुणामागे अर्धा किलो कमी; चाळीसवाल्याला एकोणपन्नास. म्हणजे आपला श्रावणसर पंचावन्न गुणांचा. जिंकलात की गुण वाढले, गुण वाढले की वजन वाढलं. हरत राहिलात की वजन उतरलं. उत्तम हँडिकॅपर तो, ज्याचे सगळे घोडे एका ओळीत येऊन पोचतील. असं कधी होत नाही, पण त्याचं स्वप्न तेच. ही विद्या इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल राउस नावाच्या गृहस्थांनी शास्त्राच्या पंगतीला नेऊन बसवली. १८५५ मध्ये ते तिथले सार्वजनिक हँडिकॅपर झाले. कुठल्या वयाच्या घोड्यावर कुठल्या महिन्यात किती वजन, याचं कोष्टक त्यांनी बसवलं.

आता श्रावणसरचं प्रगतिपुस्तक पुन्हा वाचा. तो जिंकला तेव्हा पाठीवर बावन्न होते. जिंकल्यावर वजन चढलं आणि तो तिसरा आला. मग तिसरा आला म्हणजे घोडा बिघडला का? की वजनाने थांबवला? तिसरा आला तो किती अंतराने, नाकभर की सहा लांबी? रेस बाराशे मीटरची होती की दोन हजारांची? जॉकी शिकाऊ असेल तर त्याला वजनात सूट असते, ती धरली का? आजोबांची टीका इथून सुरू व्हायची आणि पोळ्या होऊन जायच्या.

एकदा ते म्हणाले, “जगात जिंकणाऱ्याच्या पाठीवर वजन ठेवणारी ही एकच जागा. बाकी सगळीकडे ओझं हरणाऱ्याच्या पाठीवर.” गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसाचं वाक्य. मला ते फार आवडलं. मी वहीत लिहून ठेवलं. आतून आजी म्हणाली, “आणि बघायला जाणाऱ्याच्या बायकोच्या पाठीवर किती किलो, तेही लिही.”

ही सगळी व्यवस्था मुंबईत साहेबाने आणली. आधी रेस भायखळ्याला होत. इराणी आखातातून अरबी घोडे मुंबई बंदरात उतरत आणि रेसला तेच धावत. पुढे १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीवर भर घालून आजचं मैदान झालं, मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाचा नमुना समोर ठेवून. क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं ते १९३५ मध्ये. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे मी त्यांना ग्रंथालयातून आणून वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलवली आणि विचारलं, “तेव्हा वजन किलोत नसेल ना?” बरोबरच होतं, स्टोन आणि पौंडात. इंग्लंडात अजून तसंच आहे. डर्बीही तिकडचीच, एप्सम गावी १७८० मध्ये पहिली झाली. तिथे तीन वर्षांचे घोडे धावतात, आपल्या इंडियन डर्बीत चार वर्षांचे. आपली पहिली डर्बी १९४३ ची, आणि ती जिंकली एका घोडीने: बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने. हे मी आजीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, “बक्षीस तिला मिळालं की महाराजांना?”

गेल्या हिवाळ्यात मी आजोबांबरोबर महालक्ष्मीला गेले. दादरहून तिसरं स्टेशन, तरी मी आयुष्यात पहिल्यांदाच तिथे उतरले. स्वस्त तिकिटाच्या बाजूला पांढऱ्या केसांचे पुष्कळ आजोबा, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, कानावर पेन्सिल. परीक्षेच्या आधी आपल्या व्हरांड्यात असते तशी शांतता. घोडे रिंगणात फिरवून दाखवतात, तिथे आजोबा कठड्याला टेकून कान पाहत होते, मागचे पाय पाहत होते, मानेवर घाम सुटलाय का पाहत होते. कार्डावर न छापलेला मजकूर तो! मग फाटक उघडलं. बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटही चालत नाही. आधी दूरवर नुसते रंग दिसतात, मग वळण, आणि मग एकाएकी जमीन बोलायला लागते. तो आवाज छातीत येतो, कानात नव्हे. मी पैसे लावले नव्हते, तरी ओरडत होते. त्या घोळक्यात वाकलेली मुलं माझ्याच वयाची. १९७९ मध्ये कार्ल उमरीगर हा तरुण जॉकी याच मैदानावर घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला, हे मला आजोबांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्यामुळे सगळे स्वार रेषा ओलांडून उभे दिसेपर्यंत मी मोजत होते. त्या मैदानातली एकशेवीस एकर जागा आता उद्यानासाठी द्यायची, असं २०२४ मध्ये ठरलं. ट्रॅक राहणार आहे म्हणतात. दादरकरांना बाग नको कशी असेल! पण त्या पेन्सिलवाल्या आजोबांकडे पाहून वाटलं, यांना कुठल्याही बागेत करमणार नाही.

पैशाचं गणितही सांगायला हवं. ते लपवलं तर हा लेख खोटा ठरेल. खिडकीवर, म्हणजे टोटवर, आपण घोड्याविरुद्ध खेळत नाही, बाजूच्या माणसाविरुद्ध खेळतो. सगळ्यांचे पैसे एका ढिगात जातात. त्यातून आधी सरकारचा आणि क्लबचा वाटा निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे रेस सुटण्याआधीच आपण सगळे मिळून थोडे हरलेलो असतो. नुसतं चांगलं वाचून भागत नाही. बाकीच्यांपेक्षा इतकं चांगलं वाचावं लागतं, की तो कापलेला वाटाही भरून निघेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे, असा निर्णय दिला. आजोबांना तो तोंडपाठ आहे. आजीचं म्हणणं, कौशल्य घोड्याचं आणि जॉकीचं, तुमचं कुठलं?

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अठरा तारीख. मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पुढे काय झालं ते परळ-लालबागच्या मुलांना सांगायला नको. आमच्या घरी पहिला पगार चुकला आणि आजीने पाटल्या काढून दिल्या. गहाण ठेवा, वाणी भागवा, म्हणाली. आजोबांनी त्या ठेवल्या. निम्मे पैसे वाण्याला गेले. उरलेले घेऊन फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते महालक्ष्मीला गेले. त्यांचा हिशेब असा, की एक घोडा आपल्याला पक्का वाचता आला आहे.

ते परत आले ते चालत. आजी अजून सांगते: जिंकले की गाडीने येत, साडेसहाला दारात. हरले की वरळी नाक्यावरून, प्रभादेवीवरून चालत, दिवे लागल्यावर. त्या दिवशी नऊ वाजले. पाटल्या कधीच सुटल्या नाहीत. पुढे आजोबा एका छापखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांनी पुन्हा एक रुपयाही लावला नाही. वाचणं मात्र सोडलं नाही.

त्यांच्या वह्या आहेत, जाड पुठ्ठ्याच्या. प्रत्येक हंगामाला एक. प्रत्येक रेसला कागदावर दहा रुपये लावायचे, खोटे. कुठला घोडा, किती वजन, का निवडला, कितवा आला, किती मिळाले असते. वर्षाच्या शेवटी बेरीज. मी या सगळ्या वह्यांच्या बेरजा तपासल्या आहेत. बहुतेक हंगामांत उणे, पण फार उणे नाही. दोन हंगामांत अधिक आहे, आणि त्या दोन्ही बेरजांखाली आजोबांनी लाल शाईने दुहेरी रेघ मारली आहे. चाळीस वर्षांचा एवढा चोख अभ्यास मी कुणा संशोधकाचा पाहिलेला नाही, आणि त्याचा निष्कर्ष त्यांच्या आवडीच्या विरुद्ध जातो, तरी तो त्यांनी खोडलेला नाही.

परवा हा लेख लिहिण्यासाठी मी सगळ्यांत खालची वही काढली. पहिल्या पानावर एकच ओळ होती. फेब्रुवारी १९८२, घोड्याचा क्रमांक, जॉकी, वजन त्रेपन्न. रकमेच्या रकान्यात ‘पाटल्या’. आणि शेवटी चार.

आजीने आजवर त्या वह्यांना हात लावलेला नाही. मी ते पान तिच्यापुढे धरलं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय, ते काय. मी सांगत गेले. खिडकीशी आजोबा पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

“चौथ्याला काहीच नसतं?” आजीने विचारलं.

“विनवर लावलं असेल तर नाही.”

“आणि दुसऱ्याला?”

“दुसऱ्यालाही नाही.”

आजीने चष्मा काढला. “मग चौथा कशाला लिहून ठेवलाय?” म्हणाली, आणि वही मिटून माझ्या हातात दिली.