तळघरातला रेडॉन

लेकीकडे पेनसिल्व्हेनियाला गेले की माझा मुक्काम बेसमेंटमध्ये, म्हणजे तळघरात. नातवाचा खेळ, अभ्यास, सगळं तिथेच. 2023 च्या हिवाळ्यात लेकीने तिथे एक छोटीशी डबी आणून ठेवली. "आई, हिला हात लावू नकोस, आणि चार दिवस खिडक्या उघडायच्या नाहीत." कशासाठी? तर रेडॉन मोजायला!

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे हे नाव मला नवीनच. नातवाकडून समजून घेतलं ते असं: खडकांत, मातीत थोडं युरेनियम असतं. त्याचं होता होता रेडियम होतं आणि रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही. उघड्यावर विरून जातो, पण घराच्या तळाच्या भेगांतून आत शिरला की साठतो. थंडीत घरातली गरम हवा वर जाते आणि खालून जमिनीतली हवा ओढली जाते. वर्षानुवर्षं तो श्वासातून गेला, तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत त्याने वर्षाला सुमारे 21,000 माणसं दगावतात असा सरकारी अंदाज आहे.

याच राज्यात 1984 साली स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या इंजिनियरमुळे अणुवीज प्रकल्पातला किरणोत्साराचा भोंगा वाजला. शोध घेतला तर किरणोत्सार प्रकल्पातला नव्हताच, त्यांच्या घरातला होता!

आमच्या डबीचं उत्तर आलं 9.2. तिकडे 4 पिकोक्युरी प्रति लिटरला घर दुरुस्त करा म्हणतात. जावई म्हणाले, "शेजारी तर 2 च आहे." पण मंडळी, शेजारच्या आकड्यावरून आपलं घर कळत नाही. जमीन वेगळी, भेगा वेगळ्या. खात्रीसाठी पुन्हा मोजलं, 8.8! मग मात्र जावयांनीच माणूस बोलावला.

उपाय अगदी साधा निघाला. तळघराच्या फरशीला भोक पाडून पाइप बसवला, तो छपराच्या वर नेला आणि त्याला पंखा जोडला. आता फरशीखालची हवा परस्पर बाहेर जाते. भेगाही बुजवल्या. एका दिवसाचं काम. नंतरचं माप 1.1.

आता दर दोन वर्षांनी पुन्हा मोजायचं आहे.

असो. तुमची मुलं तिकडे असतील तर पुढच्या फोनवर "जेवलास का?" झालं की एवढंही विचारा, "घरातला रेडॉन मोजलास का रे?"