डावखुरा वीर

मुलांच्या खेळांत वडील मंडळींनीं नाक खुपसूं नये, हा नियम आम्ही पुष्कळ वर्षें पाळीत आलों. त्यांत शहाणपणापेक्षां आळसच अधिक होता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु १६ जुलै २०२१ रोजीं बाहेर पडलेल्या एका खेळानें आमचा हा नियम मोडला. आणि नुसता नियमच मोडला असें नव्हे, तर ज्या गोष्टीचा खुद्द आम्हांसच विसर पडला होता, ती चारचौघांदेखत उघडी केली.

ते दिवस वाचकांस आठवत असतीलच. महासाथीची दुसरी लाट ओसरली होती, पण भय ओसरलें नव्हतें. विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या डोळ्यांसमोरून धांवत, परंतु त्यांत चढण्याची मुभा सर्वसामान्य माणसास नव्हती. ती १५ ऑगस्टपासून, आणि तीहि लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसच मिळाली. कॉलेज घरांत आलें होतें. आम्ही संगणकापुढें बसून शेक्सपिअर शिकवीत असूं, आणि समोर साठ काळे चौकोन असत. त्या चौकोनांमागें विद्यार्थी आहेत कीं नुसतीं नांवें आहेत, हें कळण्यास मार्ग नव्हता. सारा संसार एका बोटाच्या टोकावर येऊन बसला होता. वाणसामान बोटानें मागवावें, हजेरी बोटानें घ्यावी, कोणाच्या घरीं दुःख झालें तर सांत्वनहि बोटानेंच करावें! अशा दिवसांत एका संध्याकाळीं मातोश्रींस भेटावयास म्हणून आम्ही वसईच्याच अंबाडी रस्त्यावरील आमच्या धाकट्या बंधूंच्या बिऱ्हाडीं गेलों, तों दिवाणखान्यांत चार मुलें उभीं राहून खांद्यापासून सबंध हात फिरवीत आहेत असें दृश्य दृष्टीस पडलें. महिनोन्‌महिने आम्हीं कोणाचा सबंध हात हालतांना पाहिला नव्हता. आम्ही उंबऱ्यांतच थबकलों.

खेळाचें नांव ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड’. जपानच्या निंटेंडो कंपनीनें तो प्रथम २०११ सालीं काढला आणि दहा वर्षांनीं ‘स्विच’ या आपल्या नव्या यंत्रासाठीं पुन्हां सजवून बाहेर आणला. बंधूंनीं तें यंत्र साथीपूर्वीं परदेशाहून येतांना आणलेलें होतें. कथा म्हणाल तर आजीबाईच्या गोष्टींहून फार दूरची नाहीं. ढगांवर तरंगणारें एक गांव. तेथें प्रत्येकाला बसावयास एक प्रचंड पक्षी. वावटळीनें खालच्या अज्ञात पृथ्वीवर ओढून नेलेली एक मुलगी. आणि तिच्या शोधार्थ मंतरलेली तलवार घेऊन उतरलेला तिचा बालमित्र, लिंक. नवल आहे तें तलवार चालविण्याच्या रीतींत. खेळणाराच्या दोन हातांत वीतभरहि लांब नसलेले दोन तुकडे असतात. त्यांच्या पोटांत हाताचा वेग आणि वळण मोजणारीं सूक्ष्म यंत्रें बसविलेलीं आहेत. उजव्या हातांतील तुकडा ही तलवार, डाव्या हातांतील ही ढाल. हात वरून खालीं आला कीं पडद्यावरील तलवार वरून खालीं येते. आडवा फिरला कीं आडवी फिरते. एक मांसभक्षक वनस्पति आहे, तिचा जबडा कधीं उभा उघडतो तर कधीं आडवा. जसा उघडेल तसाच घाव घातला पाहिजे, नाहींतर ती खुशाल चावते. शत्रूहि मूर्ख नाहींत. तुम्ही तलवार ज्या बाजूस धराल ती बाजू ते आधींच अडवून उभे राहतात.

यावरून मंडळींत दोन पक्ष पडले होते. नव्या आवृत्तींत हात न हालवितां नुसत्या बोटानें, एक लहानशी दांडी ढकलून तलवार फिरविण्याचीहि सोय करून ठेवली आहे. आमचा पंधरा वर्षांचा पुतण्या हातवाला. तिसऱ्या मजल्यावर राहणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी बटणवाला. त्याचें म्हणणें असें कीं, हातानें फिरवलेली तलवार भलतीकडेच जाते, मधून मधून कळ दाबून यंत्राला ‘समोर’ कोठें आहे तें पुन्हां समजावून द्यावें लागतें, आणि अर्ध्या तासांत खांदा भरून येतो. खेळ हा विसाव्यासाठीं असतो, तालमीसाठीं नव्हे. पुतण्या म्हणे, बोटानेंच मारावयाचें तर राक्षस आणि लिफ्ट यांत फरक काय राहिला? हाच वाद २०११ पासून देशोदेशींच्या खेळाडूंत चालत आला आहे. कोणी म्हणत, घाव घालण्यापूर्वीं विचार करावयास आम्ही प्रथमच शिकलों. कोणी म्हणत, आम्हांस साहस पाहिजे होतें, कवाईत नव्हे. शेजारचा एक ख्रिस्ती मुलगा मात्र कोणत्याच पक्षांत नव्हता. पक्ष्यावर बसून उडण्याची पाळी आली कीं तो तोंडानें वाऱ्याचा आवाज करी आणि वळणावर इतका कलत जाई कीं शेवटीं सोफ्यावर आडवा होई. त्याला त्यांतच सारें भरून पावे.

आमच्या भावजयींचा तिसराच पक्ष होता. या तलवारीला तेज चढविण्यासाठीं ती आकाशाकडे उंच धरावी लागते, आणि दिवाणखान्याचें आकाश म्हणजे फिरता पंखा. पंखा बंद ठेवून, आषाढाच्या उकाड्यांत घाम पुशीत, मुलें एकामागून एक हात वर करून उभीं राहत. पहिल्याच दिवशीं एक फुलदाणी धारातीर्थीं पडली होती. पण याहून मोठे पराक्रम पूर्वीं झालेले आहेत. याच कंपनीनें २००६ सालीं ‘वी’ नांवाचें यंत्र काढलें तेव्हां खेळणारांच्या आवेशानें मनगटाची दोरी तुटे आणि हातांतील यंत्र सुटून थेट दूरदर्शनच्या संचावर जाऊन आदळे. सुमारें ३२ लाख दोऱ्या अधिक जाड करून बदलून द्याव्या लागल्या! आम्हांस तर त्या फुटलेल्या फुलदाणीपाशीं डॉन किहोतेची आठवण झाली. १६१५ सालच्या दुसऱ्या भागांत तो बाहुल्यांचा खेळ पाहावयास बसतो, पळून जाणाऱ्या जोडप्याचा पाठलाग पाहून त्याचें रक्त उसळतें, आणि तरवार उपसून तो सारें बाहुल्यांचें सैन्य कापून काढतो. मागाहून शुद्धीवर येऊन बाहुल्यांची किंमतहि मोजतो. पुतण्यानें फुलदाणीची किंमत मोजल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

मनानें आम्ही बटणवालेच. चित्रांतला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतों, पण त्याच्यावर खोगीर घालावयास उठत नाहीं, या शंकुकाच्या दृष्टान्तावर आम्हीं किती व्याख्यानें झोडलीं असतील! रसिकानें आपल्या जागीं बसून राहावें, अंगावर कांटा आला तर येऊं द्यावा, यापुढें जाऊं नये, असें आमचें मत. तेव्हां मुलांच्या त्या घामाघूम रसास्वादाकडे आम्ही थोड्याशा कौतुकानें व पुष्कळशा वरचढपणानें पाहत बसलों होतों.

इतक्यांत आमच्या पुतणीची पाळी आली. ती अकरा वर्षांची, आणि डावखुरी. तिनें कोणास न विचारतां तलवारीचा तुकडा डाव्या हातांत घेतला. “उलटें धरलेंस,” भाऊ ओरडला. यंत्राची त्याला हरकत नव्हती. तलवार तशीहि चाले. परंतु मुलीचा डावा हात फिरला कीं पडद्यावर लिंकचा उजवा हात फिरे. तिनें दोन चार घाव घातले आणि मग थांबून विचारलें, “हा उजवा कां?”

तेव्हां भावानें जो इतिहास सांगितला तो आम्हांस नवा होता. लिंक हा वीर मुळांत डावखुरा. १९८६ सालीं तो जन्मास आला, त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो स्वतः डावखुरा, आणि वीस वर्षें बहुतेक खेळांत लिंकनें डाव्या हातानेंच दुष्टांचा संहार केला. २००६ सालीं ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ नांवाचा पुढचा खेळ ‘वी’ यंत्रासाठीं तयार होत असतां अडचण उभी राहिली. खेळणारा हातवारे करणार उजव्या हातानें, आणि पडद्यावरचा वीर डावा! खेळ तर जवळ जवळ पुरा झालेला. तेव्हां त्यांनीं काय करावें? सबंध खेळच आरशांत धरल्यासारखा उलटा केला. डोंगर इकडचे तिकडे गेले, पूर्व होती ती पश्चिम झाली, आणि लिंक उजवा झाला. जुन्या यंत्रावरच्या आवृत्तींत तेवढा तो डावा राहिला. पुढें २०११ च्या या खेळांत तर तो पहिल्यापासूनच उजवा.

एका हाताच्या सोयीसाठीं पृथ्वी फिरविली, या गोष्टीवर मंडळी खूप हंसलीं. पुतणी हंसली नाहीं.

२० जुलैला आषाढी एकादशी होती. पाऊस असा लागला होता कीं घरांतून बाहेर पाऊल टाकवत नव्हतें. सकाळीं देवापुढें तीर्थ घेतांना मुलीचा डावा हात पुढें आला आणि मातोश्रींनीं पळी तशीच वर धरून ठेवली. “उजवा.” मुलगी म्हणाली, “आजी, तेंडुलकर डाव्या हातानें सही करतो.” मातोश्री म्हणाल्या, “सही करूं दे बापडा. तीर्थ कोणत्या हातावर घेतो तें विचारून ये.” उजवा हात पुढें झाला.

दुपारीं मुलें एका ठिकाणीं अडकलीं होतीं. घिराहिम नांवाचा एक नखरेबाज खलपुरुष आहे. तो तुमची तलवार नुसत्या दोन बोटांच्या चिमटींत पकडतो. तुम्ही जिकडून मारणार तिकडे त्याचा हात आधींच तयार. त्याला एका बाजूची हूल दाखवून दुसरीकडून क्षणार्धांत घाव घालावा लागतो. हातवाले हरले, बटणवाले हरले. “काका, तुम्ही बघा,” असें म्हणून कोणींतरी ते तुकडे आमच्या हातीं दिले. बटणवाल्यानें सोफा मोकळा करून दिला तो केवळ मौज पाहण्यासाठीं, याबद्दल आम्हांस शंका नाहीं.

आम्हीं उजव्या हातानें घाव घातला. त्यानें चिमटींत पकडला. पुन्हां घातला; पुन्हां पकडला. त्याच्या ओठांवर असें कांहीं हंसूं होतें कीं आम्ही अलंकारशास्त्र, शंकुक आणि आपलें वय हीं तिन्ही विसरलों. नंतर काय झालें तें आम्हांस क्रमवार सांगतां येत नाहीं. घाव लागला, पाठोपाठ दुसरा लागला, तिसरा लागला, आणि मागून पुतणीची किंकाळी आली : “काका, डावा! काकांचा डावा!”

आम्हीं खालीं पाहिलें. तलवार आमच्या डाव्या हातांत होती. ती केव्हां तेथें गेली, आम्हांस ठाऊक नाहीं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वतःविषयीं अशी एखादी गोष्ट पुतणीच्या तोंडून ऐकतो तेव्हां त्याची मोठी तारांबळ उडते. एकदम एक गोष्ट आठवली. वसईच्या किल्ल्यांत, पडक्या भिंतींच्या आडोशाला, आम्ही मुलें माडाच्या झावळीच्या देंठांच्या तलवारी करून चिमाजी आप्पा आणि फिरंगी खेळत असूं. आमचा घाव कोणास अडवतां येत नसे. तो नेहमीं भलत्या बाजूनें येई. फिरंगी होण्याची पाळी त्यामुळें आमच्यावर क्वचित्‌च येत असे. मग पुढें आम्ही तो खेळ कां सोडला, हें आठवेना. त्या काळीं डावऱ्या अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखालीं १९७१ सालीं वेस्ट इंडीज व इंग्लंड जिंकल्याच्या गोष्टी घरोघर चालत. अर्जुनाला दोन्ही हातांनीं गांडीव ओढतां येई म्हणून तो सव्यसाची, आणि त्यांतल्या सव्य शब्दाचा अर्थ डावा, हें तर आम्ही स्वतःच वर्गांत सांगत आलों. मैदानावर डावा, महाभारतांत डावा. पाटावर मात्र उजवा! विद्यार्थी तीस वर्षें आमच्या फळ्यावरील अक्षराला हंसत आहेत. तें कोणत्या हाताचें अक्षर आहे, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नव्हता.

मातोश्री कोपऱ्यांतल्या खुर्चींत जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं मुलें निजल्यावर, आम्ही निघण्यापूर्वीं पाया पडावयास गेलों तेव्हां म्हणाल्या,

“तुला आठवतें? एक पावसाळाभर जेवतांना तुझा डावा हात मी माझ्या पदराच्या टोंकानें बांधून ठेवीत असें.”

“नाहीं.”

“शाळेंत घालावयाचें होतें. मास्तर मारतील असें सगळे म्हणत. म्हटलें, मीच करीन.” माळेचे दोन मणी पुढें सरकले. “रडला असतास तर सोडला असता. तूं रडला नाहींस. नुसता पदराकडे बघत जेवायचास.”

आम्हांस कांहींच सुचेना. बाहेर पाऊस चालला होता. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, “तो दुष्ट मेला का मग?”

“पळून गेला. आणखी दोनदां गांठावा लागतो म्हणे.”

“मग आतां पोरीला मारूं दे,” त्या म्हणाल्या आणि दिवा मालवावयास सांगितला.

दुसऱ्या दिवशीं द्वादशी. तीर्थ मुलीच्या उजव्याच हातावर पडलें. त्यांत कांहीं बदल झाला नाहीं. दुपारीं मात्र मातोश्रींची खुर्ची कोपऱ्यांतून उचलून पडद्यासमोर, हात फिरेल एवढी जागा सोडून, ठेवण्यांत आली.