सिस्टरांचं देणं

इन्शुलिनची सुई पोटावर टोचायची म्हटल्यावर आत्याबाईंनी देवापुढं नारळ ठेवला. "बाळाला लागंल की गं ती," एवढंच त्या घोकत होत्या. मी शिकलेली, तरी माझ्या पोटातला गोळाही त्याच धास्तीचा होता. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, तेव्हा साखर 140च्या पुष्कळ वर निघाली होती आणि नुसत्या पथ्यानं ती उतरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टर चिठ्ठी लिहून पुढच्या पेशंटकडे वळले. माझ्याजवळ थांबल्या त्या सिस्टर.

"सुई कातडीखालच्या चरबीत जाते, बाळ कुठं, ती कुठं! आणि हे औषध वार ओलांडत नाही. साखर मात्र सरळ पलीकडं जाते."

कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी 1950च्या दशकात हेच मांडलं होतं, हे मी फार नंतर वाचलं. आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे गेली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्शुलिन वाढवतं. आपल्याला इन्शुलिन म्हणजे साखरेचं औषध वाटतं. गर्भात ते वाढीचं संप्रेरक असतं. ते वाजवीपेक्षा जास्त झालं की बाळ चरबीनं फुगतं, खांदे अडकायची भीती असते. म्हणजे बाळाला धोका सुईचा नव्हता, ती टाळण्याचा होता.

सिस्टरांनी आणखी एका जाचातून मला सोडवलं. डोहाळजेवणातल्या पेढ्यांचा हिशेब भेटायला येणारी प्रत्येक बाई मांडून जायची. त्यांच्यासमोर सिस्टर म्हणाल्या, "वारेची संप्रेरकं आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात, बाळाला साखर मिळावी म्हणून. हे तुमच्याही पोटात झालं होतं. तुमचं स्वादुपिंड पुरं पडलं, हिचं पडत नाही. पेढ्यांना कशाला बोल?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

बाळंत झाल्यावर मी ग्लानीत होते. सिस्टरांनी तासाच्या आत लेकीला अंगावर पाजायला लावलं आणि तिची टाच टोचून साखर पाहिली. नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचं इन्शुलिन चढलेलंच राहतं. साखर झपकन उतरते. त्या रात्रीत टाच पुन्हा पुन्हा टोचली गेली. लेक कळवळायची, सिस्टर तिच्याशी लाडं लाडं बोलायच्या, आकडा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायच्या.

मी हट्ट केला म्हणून त्यांनी ट्रेमधली वारही दाखवली. आईकडची बाजू कच्च्या काळजासारखी, लालकाळी, खंड पडलेली; बाळाकडची गुळगुळीत, नाळेपासून निळसर शिरा फाकलेल्या.

परवा फोनवर त्यांना ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांचं काम सांगितलं. गर्भारपणाच्या सुरुवातीला इन्शुलिनला धरून घेणारी ग्राहकं (रिसेप्टर) मुख्यतः वारेच्या आईकडच्या पृष्ठभागावर असतात. दिवस भरत येतात तशी ती बाळाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जास्त दिसतात. म्हणजे वारेला आधी आईचं इन्शुलिन घडवतं, मागाहून बाळाचं. निवृत्त झालेल्या सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? तुझ्या भाचीला सातवा लागलाय ना? तिची साखर तपासली का?"