गाईचं इंजेक्शन आणि माळावरची गिधाडं

आज कांद्याचं, सोयाबीनचं काही नाही. आज गोठ्यातल्या औषधाबद्दल लिहितोय, जरा लांबेल.

मागच्या महिन्यात आमच्या गाईला दगडी झाली. कास सुजली, ताप चढला, वैरण सोडली. गावोगाव इंजेक्शनं देत फिरणारे एकजण आले आणि पिशवीतून तीन-तीन मिलीच्या पाच-सहा छोट्या बाटल्या काढल्या. वाचलं तर डायक्लोफिनॅक, माणसांसाठीचं. म्हटलं, "दादा, हे जनावराला बंद आहे ना?" ते म्हणाले, "अहो भाऊ, इतकी वर्षं देतोय, गुण येतो की!"

गुण येतो, हे खरंच आहे. भानगड तिथंच आहे. शेवटी पशुवैद्यक डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी अँटिबायोटिकसोबत मेलोक्सिकॅम दिलं, तीन दिवसांत गाय वैरणीला लागली.

चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना आठवत असेल. जनावर मेलं की माळावर नेऊन टाकायचे. थोड्या वेळात आभाळात ठिपके दिसायचे, मग एकेक करून गिधाडं उतरायची. भांडणं, फडफड, आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा. वास नाही की माशा नाहीत. नंतर ती कधी गेली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कुणी म्हणायचं झाडं तुटली, कुणी म्हणायचं मोबाईलच्या टॉवरमुळं. टॉवर तर आमच्याकडं गिधाडं गेल्यावर आले!

खरं कारण सापडलं २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. त्यांच्या आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसलेला होता. मूत्रपिंडं निकामी झालेली, आणि शरीरात डायक्लोफिनॅक. म्हणजे दुखण्यावर, तापावर जे इंजेक्शन आपण बैलाला द्यायचो, ते. बैल वाचला तर प्रश्न नाही, काही दिवसांत औषध अंगातून निघून जातं. पण इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांत दगावला आणि माळावर टाकला, की ते मांस खाणारं गिधाड मरतं.

आपल्या देशात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची साधारण ९७ टक्के गेली.

आता जे सांगतोय ते मला वाचून सगळ्यात जास्त लागलं. माझा समज होता की एवढी गिधाडं मेली म्हणजे बहुतेक मेलेल्या जनावरांत औषध असणार. तसं नव्हतं. अभ्यासकांनी गणित मांडलं, तर शंभरातल्या एकाहून कमी जनावरांत औषध असलं तरी एवढी घट होते. कारण गिधाड एकटं जेवत नाही, एका जनावरावर पन्नास-पन्नास उतरतात. वर्षभर ती कितीतरी जनावरं खाणार, त्यातलं एक वाईट निघालं की अख्खी पंगत संपली. आणि भरून निघायचं म्हणाल तर वर्षाला एक अंडं, तेही पिल्लू चार-पाच वर्षांचं होऊन वयात आल्यावर.

हे गणित उलटं करून बघा. गावातल्या नव्व्याण्णव गोठ्यांनी चांगलं औषध वापरलं आणि एकानं जुनी बाटली काढली, तरी धोका तसाच राहतो. फवारणीत आपण म्हणतो, "बहुतेकांनी केलं ना, मग झालं." इथं तसं चालत नाही.

सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात यायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची बाटली तीन मिलीचीच ठेवली. त्यावर तोडगा म्हणजे पाच-सहा बाटल्या फोडायच्या, ते वर सांगितलंच. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. ॲसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, नाव तेवढं वेगळं. पाठोपाठ निमेसुलाइडवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनामिक ॲसिड गिधाडांना चालतं, हे तपासून पाहिलेलं आहे. कुणी म्हणतं मेलोक्सिकॅमनं गुण उशिरा येतो. माझ्या गाईला आला बुवा वेळेत. जाणकार पशुवैद्यकांनी आपला अनुभव जरूर लिहावा.

गिधाडं गेली त्याचा हिशेब आपल्याच अंगणात आहे. माळावरचं जनावर आता चार-चार दिवस कुजतं, त्यावर कुत्री पोसतात. तीच कुत्री रात्री मेंढरांच्या वाड्यावर येतात, लहान वासरं फाडतात, वर पिसाळण्याची भीती. दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. आकडा वाचून मी चष्मा पुसून परत वाचला.

आमच्या गोठ्यात आता एवढं ठरलंय: इंजेक्शन कुणीही देवो, बाटलीवरचं नाव मी आधी वाचणार आणि वहीत तारखेसह लिहिणार. औषध चालू असताना जनावर दगावलं तर माळावर जाणार नाही, खोल खड्ड्यात पुरणार. जेसीबीचा खर्च येतो, माहीत आहे.

गिधाडं अगदीच संपलेली नाहीत. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला आहेत, आमच्या नाशिकच्या डोंगरकड्यांवर लांब चोचीची आहेत. ओळखायला सोपं: घारीची शेपटी मध्ये खाच असलेली. गिधाडाची शेपटी आखूड, पंख रुंद आणि टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. पंख न हलवता ते कितीतरी वेळ तरंगत राहतं. तुमच्या शिवारात असं काही दिसलं तर गाव, तारीख आणि किती होती ते लिहा. जमिनीवर उतरलं होतं का, आणि कशावर, हेही लिहा.